मदत हवी आहे: फुलपाखराचा अर्धाच पंख स्पष्ट येतो, नाचण म्हणजे नुसता फराटा

परसदार:

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसतीच वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा जूनमध्ये परदेशी गेला आणि जाताना त्याचा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवून गेला. "कपाटात राहिला तर पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागेल, त्यापेक्षा तू वापर." कॅनन १५००डी आहे. दोन लेन्स आहेत, आखूड १८-५५ आणि लांबडी ५५-२५० (आकडे मिलिमीटरचे, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). डायल एव्हीवर (लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते आपण ठरवायचं, शटर कॅमेरा बघतो) लावून "बाकी कशाला हात लावू नकोस" असं बजावून गेला. मी लावलेला नाही.

आम्ही सातारला राहतो. परसात कढीपत्ता, लिंबू आणि जास्वंद आहे, कुंपणाला टणटणी माजलीय. पाऊस सरल्यापासून फुलपाखरांची नुसती जत्रा आहे. सकाळी अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाते तेव्हाही कॅमेरा बरोबर असतो. चार महिन्यांत हजारभर फोटो काढले. दाखवण्यासारखे किती, ते विचारू नका.

अडचणी अशा:

हळदी-कुंकू फुलपाखरू टणटणीवर बसतं. मी हळूहळू अगदी जवळ जाते, तर लेन्स कुर्र कुर्र करत पुढेमागे होते आणि क्लिकच होत नाही. झालंच तर पंखाचं एक टोक स्वच्छ आणि बाकीचं पिठलं.

जास्वंदीच्या मागच्या सावलीत एक नाचण (छोटा पक्षी) येते. शेपटीचा पंखा उघडते, मिटते, फांदीवर गिरकी घेते. फोटोत करडा फराटा येतो. (नाचणीचा फोटो जमत नाही म्हटल्यावर ह्यांना वाटलं मी भाकरीबद्दल बोलतेय.)

गायबगळा म्हशीच्या पाठीवर बसलेला होता, इतकं छान दृश्य! फोटोत म्हैस व्यवस्थित आणि बगळ्याच्या जागी कागदाचा पांढरा कपटा. पिसं दिसतच नाहीत.

एका दुकानात विचारलं. ते म्हणाले, ही लेन्स या कामाची नाही. फुलपाखरांना मॅक्रो (अगदी जवळून काढायची लेन्स) घ्या आणि पक्ष्यांना १५०-६००. दोन्ही मिळून लाखाच्या वर जातंय. खरंच घ्यावं लागेल का? की लेन्समध्ये काही दोष आहे? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

मिलिमीटर:

लेन्स बिघडलेली नाही, दुकानदाराला विक्री करायचीय. पण तसं म्हणण्याआधी आकडे द्या. फोटो उघडून माहिती बघा आणि शटर (किती वेळ उघडं होतं), अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र, एफचा आकडा), आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) काय होतं ते तिन्ही फोटोंचं लिहा.

---

परसदार:

नाचण: १/८०, एफ ५.६, आयएसओ १००.
फुलपाखरू: १/४००, एफ ५.६, आयएसओ १००.
बगळा: १/५००, एफ ५.६, आयएसओ १००.

आयएसओ सगळीकडे १००च दिसतोय. मुलगा म्हणाला होता की १०० ठेवलं की फोटो स्वच्छ येतात.

---

मिलिमीटर:

स्वच्छ येतात, कॅमेरा तिवईवर आणि समोर डोंगर असेल तर!

ताई, तुमच्या निम्म्या दुखण्याचं मूळ हा १०० आहे. सावलीत आयएसओ १०० ला कॅमेऱ्याकडे उजेडच पुरत नाही, म्हणून तो शटर १/८० सेकंद उघडं ठेवतो. तेवढ्या वेळात नाचण दोनदा मान वळवून शेपूट उडवून मोकळी. शिवाय २५० ला हात स्थिर राहायचा तर ढोबळ हिशोबाने १/४०० तरी हवं, कारण या कॅमेऱ्याचा सेन्सर (फोटो टिपणारा भाग) लहान आहे आणि २५० ला १.६ ने गुणायचं असतं. लेन्समध्ये कंप कमी करायची सोय आहे, पण ती तुमचा हात सावरते. पक्ष्याला थोडीच सांगणार, बाई गं जरा थांब म्हणून?

पक्ष्यांसाठी डायल टीव्हीवर (इथे शटर आपण ठरवायचं) न्या, शटर १/१००० ठेवा, आयएसओ ऑटो करा आणि मेनूत त्याची कमाल मर्यादा ३२०० करून टाका. फोटोत दाणे (बारीक ठिपके) दिसतील, दिसू द्या. दाणेदार नाचण ही अजून नाचण असते, फराटा कोणाचाही असू शकतो. फोकसचे नऊ ठिपके आहेत, त्यातला फक्त मधला चालू ठेवा. तोच सगळ्यात भरवशाचा आहे. तो डोळ्यावर धरा.

आता कुर्र कुर्र. लांबड्या लेन्सवर बारीक अक्षरांत १.१ मीटर असं लिहिलेलं सापडेल. याहून जवळचं तिला दिसतच नाही, चाळिशी लागलेल्या माणसाला जवळचं पुस्तक दिसत नाही तसं. तुम्ही जितक्या प्रेमाने पुढे सरकता तितकी ती गोंधळते. हे अंतर लेन्सच्या टोकापासून नाही, कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरपासून मोजायचं.

---

परसदार:

म्हणजे साडीचा पन्हा! मी तर जेमतेम दोन वितींवर जात होते.

---

मिलिमीटर:

साडीचा पन्हा, अगदी बरोबर. हे माप मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

आणि त्या अंतरावरून २५० ला तुमच्या चौकटीत साधारण ७२ मिलिमीटर रुंदीची जागा मावते. हळदी-कुंकू पंख पसरून साडेसहा ते आठ सेंटिमीटर. मिटून बसलं की चौकट भरून थोडी जागा उरते. मॅक्रो लेन्स कशाला हवी? गवतातली ती नखाएवढी निळी फुलपाखरं काढायची असतील तेव्हा या लेन्सच्या तोंडावर बसणारं क्लोज-अप भिंग घ्या, मॅक्रोच्या मानाने फारच स्वस्तात काम होतं. ते लावलं की मात्र अगदी जवळ जावं लागतं. पण ते पुढच्या वर्षी बघू.

---

रुईचं_पान:

वरच्या सगळ्याला +१. फुलपाखरांपुरतं थोडं माझं.

पंखाचं एक टोक स्वच्छ आणि बाकी पिठलं, याचं कारण तुमचा कोन. एवढ्या जवळून एफ ५.६ ला फोकसची जाडी (जेवढी खोली स्पष्ट येते ती) जेमतेम तीन मिलिमीटर असते, एफ ८ ला चार. तीन-चार मिलिमीटरमध्ये तिरका पंख मावणार कसा? पण मिटलेला पंख ताटासारखा सपाट असतो. कॅमेऱ्याची पाठ त्या ताटाला समांतर आली की चार मिलिमीटरसुद्धा पुष्कळ झाले. म्हणजे पुढे-मागे होण्यापेक्षा बाजूने सरकायचं, गुडघे वाकवायचे, कधी सरळ मातीत बसायचं. हळदी-कुंकवाच्या बाबतीत तर हेच हवं, कारण त्याचं सगळं वैभव पंखाच्या खालच्या बाजूला आहे. हळद आणि कुंकू दोन्ही तिथेच. वरून बघाल तर बरंचसं पांढरं-काळंच.

फुलपाखरांना डायल एव्हीवरच राहू द्या, एफ ८, आयएसओ ४००, सावली असेल तर ८००. उन्हात शटर आपोआप हजाराच्या पुढे जातं.

दुसरं म्हणजे वेळ. तुम्ही बहुतेक चहा-नाश्ता आवरून दहा-अकराला बाहेर पडत असाल. तेव्हा ती तापलेली असतात, एका फुलावर दोन सेकंद टिकत नाहीत. त्यांचं अंग उन्हाने गरम झाल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही, म्हणून कोवळ्या उन्हात पंख पसरून नुसती शेकत बसतात. पहिलं ऊन कुंपणाच्या कोणत्या भागावर पडतं ते दोन दिवस बघून ठेवा. जाताना आपली सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही. सावली पडली की संपलं.

परसात नळाखाली किंवा हौदाच्या कडेला ओली माती राहते का? तिथे नर फुलपाखरं क्षार शोषायला बसतात आणि एकदा बसली की चांगली दहा-दहा मिनिटं हलत नाहीत. मला निलवंत पहिल्यांदा नीट मिळालं ते असंच, गोठ्यामागच्या चिखलात. राज्याचं फुलपाखरू, २०१५ मध्ये मान मिळालेलं, आणि बसलं होतं शेणापाशी.

आणि कढीपत्ता आहे म्हणालात. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही चिकटलेलं दिसलं तर झटकू नका. ती अळी असेल. मोठी झाली की हिरवीगार होते, डिवचली तर डोक्यामागून लालभडक शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. अळी उडून जात नाही. फोकसचा सराव करायला याहून चांगलं मॉडेल मिळणार नाही.

---

वाटसरू_६२:

नाचणीसाठी सोपा उपाय. मोबाइलवर तिचा आवाज लावा, समोर येऊन बसते. मी असे बरेच फोटो काढलेत.

---

टेकडीवरचा:

कृपया नको. तो आवाज ऐकून ती आनंदाने येत नाही, आपल्या हद्दीत दुसरं कोणी घुसलंय म्हणून भांडायला येते. खाणं सोडून, कधी पिल्लं सोडून. एकदा ठीक, पण रोज सकाळी दहा जण वाजवायला लागले की तो पक्षी ती जागा सोडतो. सिंहगडाच्या पायथ्याशी रविवारी काय चालतं ते बघितलंय.

आणि ताई, विषय निघालाय म्हणून आधीच सांगतो. उन्हाळ्यात तुमच्या परसात घरटं सापडलं तर मध्ये येणारी पानं तोडून "फ्रेम साफ" करू नका. ती पानं म्हणजे कावळ्यापासून आडोसा असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्या-घरट्यांना उपद्रव देणं धरलेलं आहे.

---

वाटसरू_६२:

शिकार हा शब्द जरा जड झाला. माझा हेतू वाईट नव्हता.

---

टेकडीवरचा:

हेतूबद्दल बोललोच नाही हो. मीही वाजवायचो, २००९-१० च्या सुमारास. एक दयाळ स्पीकरला चोच मारायला लागला तेव्हा बंद केलं.

बगळ्याचं कोणी सांगितलं नाही, ते सांगतो. कॅमेऱ्याला म्हैस आणि बगळा यातलं काही कळत नाही. समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं असावं एवढीच त्याची समजूत. चौकटीत बहुतांश म्हैस, म्हणून त्याला वाटलं अंधार आहे, आणि त्याने उजेड वाढवला. म्हैस करडी झाली, बगळा जळाला. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची सोय) उणे एकवर न्या. म्हैस काळीभोर दिसेल, तशीही ती काळीच आहे. उलट, पांढऱ्या आभाळावर घार किंवा कोतवाल असेल तर अधिक एक. काम झालं की शून्यावर आणायला विसरू नका. मी अख्खी भिगवणची सहल उणे दोनवर काढलीय, रोहित पक्ष्यांसकट.

---

परसदार:

सगळ्यांचे खूप खूप आभार. मुलाला फोनवर सांगितलं की मी हात लावलाय. तो म्हणाला, "आयएसओ ऑटोवर टाकायचं मी सांगितलं नव्हतं का?" असो.

पाच आठवड्यांनी परत आलेय, त्याचा हिशोब देते. नाचण जमली. २१४ पैकी दोन, पण त्या दोनांत शेपटीच्या पंख्यातलं पीस न् पीस मोजता येतं, भुवईची पांढरी रेघही दिसते. १/१२५० ला काढले. दाणे आहेत, ह्यांना दिसले नाहीत.

हळदी-कुंकवासाठी मी टणटणीसमोर जुन्या साडीचा एक पन्हा मापून जमिनीवर वीट ठेवलीय. सकाळी त्या विटेवर बसते. शेजारणीला वाटतं मी कसलंतरी व्रत धरलंय.

म्हैस अजून परत भेटली नाही.

आणि कढीपत्त्यावर खरंच अळ्या निघाल्या, सहा. शिट, मग हिरवी, मग शिंगं, सगळं सांगितलंत तसंच. एकीने कुंडीच्या काडीला कोश केला. बाराव्या दिवशी सकाळी सातला बघते तर फुलपाखरू बाहेर येऊन कोशालाच धरून लोंबकळतंय, पंख ओल्या रुमालासारखे. तासभर तिथेच होतं, मी चाळीस फोटो काढले. आता प्रश्न असा: काळे पंख, मागच्या पंखावर मधोमध पांढरे ठिपके, कडेला लाल ठिपके आणि शेपट्या. इथे जुन्या धाग्यांवर शोधलं तर हुबेहूब 'कॉमन रोझ' दिसतंय. बरोबर ना?

---

रुईचं_पान:

अभिनंदन! आणि नाही.

रोझची अळी कढीपत्त्याला तोंडही लावत नाही, तिला ईश्वरीचा वेल लागतो. तो विषारी असतो, ते विष फुलपाखरात उतरतं, म्हणून पक्षी एकदा चव घेतली की रोझच्या वाटेला जात नाहीत. तुमच्याकडे आलंय ते बहुरूपी, म्हणजे कॉमन मॉर्मन. त्याच्या काही माद्या रोझचं सोंग घेतात, अंगात विष नसताना. तुमच्या नाचणीला फसवायला.

खात्री करायची असेल तर पंख बघू नका, पोट बघा. रोझचं अंग लाल असतं, बहुरूपीचं काळं.

---

परसदार:

चाळीसच्या चाळीस फोटो मोठे करून पाहिले. काळंच आहे.

उरलेल्या पाच अळ्यांनी कढीपत्ता निम्मा संपवलाय. पोह्यांना शेजारून मागून आणतेय.