प्रति: बारावीनंतर आपली मुलं कुठे गळतात?

'पालकांनाच पुढच्या शिक्षणाची आस्था नाही' हे वर लिहिलेलं मला अजिबात पटत नाही. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, तो काय आस्था नसताना? गुहागर तालुक्यात अकरावी-बारावीला शिकवते मी. माझ्याकडची मुलं अडतात ती कागदावर. ओबीसी दाखल्याला घराण्यातला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो, बहुधा शाळेतली नोंद; इंजिनिअरिंगसारख्या कोर्सच्या राखीव जागेला वर जातपडताळणी, म्हणजे तो दाखला समितीकडून तपासून घेणं, आणि घरं हे शोधायला लागतात निकालानंतर, भर पावसात. आजोबा तर शाळेची पायरी न चढताच मुंबईला गिरणीत गेलेले.

एका कुणबी मुलीचं असंच अडलं होतं. पडवीत बसून तिच्या आजीला विचारत गेले तेव्हा कळलं, चुलत आजोबा दोन इयत्ता शिकले होते. वाडीच्या शाळेतल्या पत्र्याच्या पेटीत जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, निघालं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण नावापुढे 'हिंदू कुणबी' स्पष्ट. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची नोंद वंशावळ जोडून चालते, हेच बहुतेकांना माहीत नसतं. शाळेत कुणीच गेलं नसेल तर तहसील कचेरीत कोतवाल बुक बघा, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी जातीसकट सापडतात. ती मुलगी आज इंजिनिअरिंगला आहे. आता मी अकरावीच्या मुलांना गणपतीतच कामाला लावते. सगळे चाकरमानी घरी असतात, तेव्हाच वंशावळ लिहून घ्या म्हणते.