उभ्या स्पोर्ट्स कारची बॅटरी : नेमके अनुभव लिहा

स्पोर्ट्स कार रोज बाहेर पडत नाही. महिनाभर, कधी अख्खा हंगाम ती कव्हरखाली उभी असते आणि मग एके दिवशी किल्लीचं बटण दाबलं तरी साधा दिवासुद्धा लुकलुकत नाही. यावर "आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करून ठेवा" हा सल्ला सर्रास मिळतो. त्याचा एकदा हिशेब मांडू.

गाडी बंद असली तरी अलार्म, किल्ली ओळखणारा रिसीव्हर, कंट्रोल युनिटांची मेमरी यांना करंट लागतोच. सगळं झोपी गेल्यावर तो साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ३० धरला तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, आठवड्याला ५, महिन्याला जवळपास २२. म्हणजे ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग नुसता उभ्याउभ्या गेला. त्यापुढे स्टार्टर काहीच खात नाही. २०० अँपिअर दोन सेकंद ओढला तरी ०.११ अँपिअर-तास. आता दहा मिनिटांच्या आयडलिंगमध्ये बॅटरीत सरासरी २० अँपिअर गेले असं उदारपणे धरलं, तरी भर पडते ३.३ ची. आठवड्याची गळतीही भरून निघत नाही. वर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि गार इंजिनातलं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. चालवायचीच असेल तर ऑइल पूर्ण तापेपर्यंत, तासभर तरी रस्त्यावर चालवा.

ज्यांचा हात या कामावर बसला आहे त्यांनी मोजमाप, जोडणी आणि हमखास होणाऱ्या चुका इथे लिहाव्यात.

*

आधी व्होल्टेज

गाडी बंद करून किमान सहा तास झाल्यावर मोजा. नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो, आकडा फसवा येतो. दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, थोडं थांबा, मग मीटर लावा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० ला जेमतेम पाव उरलेली. एजीएम बॅटरी (लेड-ॲसिडचाच बंद प्रकार, ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं) भरल्यावर १२.८ च्या वर दाखवते, त्यामुळे तिच्यावर १२.५ दिसले तर खूश होऊ नका.

१२.४ च्या खाली बॅटरी पडून राहू द्यायचीच नाही. प्लेटांवर लेड सल्फेटचे बारीक कण तयार होतात ते चार्ज करताना विरघळतात, पण आठवडेच्या आठवडे तसेच राहिले की त्यांचे टणक स्फटिक होतात आणि तेवढा पृष्ठभाग कायमचा निकामी. उतरलेली बॅटरी नंतर "भरते", मीटरवर १२.६ दाखवते आणि सेल्फ मारताच ९ च्या खाली कोसळते, ती यामुळे. थंड प्रदेशात आणखी एक धोका : पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं पाणी शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठतं आणि केस फुटतं. भरलेल्या बॅटरीला कडाक्याच्या थंडीतही हा धोका नसतो.

*

गळती मोजताना फ्यूज उडतो, तो का

मायनसची वायर काढून ती वायर आणि बॅटरीचं टोक यांच्या मधे मल्टिमीटर जोडतात, मीटर १० अँपिअरच्या खाचेत असतो, तोवर ठीक. मग कुणीतरी दार उघडतं किंवा इग्निशन देतं. पंप आणि युनिटं एकदम जागी होतात, करंट दहाच्या पुढे जातो, मीटरचा फ्यूज गेला.

आधी दार आणि बॉनेट उघडं ठेवून दोन्हींचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं फिरवून बंद करा, म्हणजे गाडीला सगळं बंद वाटतं. नंतर हँडल ओढून लॅच पुन्हा उघडायचं विसरू नका, नाहीतर दार आपटून लॅच वाकेल. किल्ली दहा मीटर लांब ठेवा. मग २० ते ४० मिनिटं थांबा, युनिटं एकामागून एक झोपतात. ५० मिलिअँपिअरच्या वर अडकलं तर फ्यूज उपसू नका, त्यानं युनिटं पुन्हा जागी होऊ शकतात. प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. जिथे शून्य नाही, त्या सर्किटमधून करंट वाहतो आहे.

नेहमीचे गुन्हेगार : पार्किंग मोडवरचा डॅशकॅम (३०० मिलिअँपिअरनं दिवसाला ७ अँपिअर-तास), दोष तपासण्याच्या (ओबीडी) सॉकेटमध्ये कायम खोचलेला डोंगल आणि नंतर बसवलेला ट्रॅकर किंवा ॲम्प्लिफायर.

*

किल्लीबद्दल थोडं

वरच्या प्रतिसादातली किल्ली लांब ठेवायची गोष्ट फक्त मोजण्यापुरती नाही. कीलेस गाडीच्या शेजारच्या खुंटीवर किल्ली टांगली तर काही गाड्या तिच्याशी बोलत राहतात आणि नीट झोपत नाहीत. किल्ली घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

*

चार्जर कोणता, कुठल्या मोडवर

साधा जुना चार्जर आठवडाभर लावून ठेवू नका, तो बॅटरी उकळवतो. मेंटेनर हवा : आधी १४.४ पर्यंत चढवणारा, मग १३.२ ते १३.६ च्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती टिकवून धरणाऱ्या व्होल्टेजवर उतरणारा. बॅटरी भरलेली असेल तर १ अँपिअरचाही पुरतो, कारण गळती त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकी. निम्म्यावर आलेली भरून काढायची तर ४-५ अँपिअरचा घ्या. एजीएमला १४.७ चा मोड असतो. सीटेक कंपनीच्या एमएक्सएस ५.० चार्जरमध्ये रिकंडिशनचा (खूप उतरलेली बॅटरी सावरण्याचा) जो मोड आहे तो १५.८ व्होल्टपर्यंत जातो. तो फक्त साध्या लेड-ॲसिडसाठी, बॅटरी गाडीपासून सोडवून, क्वचितच वापरायचा.

लिथियम बॅटरी असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. पोर्शेनं २०१० पासून ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्सस्टर स्पायडरला पर्याय म्हणून दिलेली लिथियम बॅटरी साध्या बॅटरीपेक्षा १० किलोहून अधिक हलकी होती. तेव्हापासून ट्रॅकवाल्यांत हा प्रकार रुळला. या बॅटऱ्यांचा नेहमीचा प्रकार म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, त्याचं विश्रांतीचं व्होल्टेज १३.२ ते १३.३. मीटरवर १२.८ दिसले तर लेडवाला म्हणेल भरलेली आहे, प्रत्यक्षात ती जवळजवळ रिकामी असते. लिथियमसाठीचाच चार्जर लावा, सल्फेट तोडणारे पल्स तिला चालत नाहीत, आणि शून्य अंशाखाली चार्ज करू नका. मीटरवर एकदम शून्य आलं तर घाबरू नका, आतल्या संरक्षण सर्किटनं पुरवठा तोडलेला असू शकतो. लिथियम चार्जरच्या "वेकअप" मोडनं ती बहुधा परत येते.

*

चिमटे कुठे लावायचे

लाल चिमटा प्लसला. काळा चिमटा बॅटरीच्या मायनस टोकावर नको, चॅसीवरच्या अर्थ पॉइंटवर. दोन कारणं आहेत. एक, ठिणगी बॅटरीपासून लांब पडते. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. दुसरं, आजच्या गाड्यांत मायनस टोकावर करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. त्याला वळसा घालून चार्ज केलं तर गाडीला कळतच नाही की बॅटरी भरली. ती उतरलेलीच समजून गाडी स्टॉप-स्टार्ट (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) बंद ठेवते. काढताना आधी भिंतीतला प्लग बंद, मग काळा, मग लाल.

रोज चिमटे नकोत तर गोल टोकाची कायमची वायर बसवा. फ्यूज प्लसपासून जास्तीत जास्त एका वितीच्या आत हवा, नाहीतर वायर पत्र्याला घासली की आग. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून चार्ज करायचं तर इग्निशन बंद असताना तिथे १२ व्होल्ट येतात का ते आधी पाहा. बऱ्याच गाड्यांत ते सॉकेट काही मिनिटांनी मरतं आणि मालक महिनाभर चार्जर लावल्याच्या समाधानात राहतो.

*

बॅटरी पुढच्या डिकीत, आणि डिकीचं लॅच विजेवर

मागे किंवा मध्ये इंजिन असलेल्या गाड्यांची हीच कोंडी : बॅटरी उतरली की तिच्यापर्यंत पोहोचायची डिकीच उघडत नाही. पोर्शे ९९७ (९११ ची एक पिढी) आणि ९८७ (बॉक्सस्टर, केमनची पिढी) मध्ये दाराशेजारी पायापाशी फ्यूजबॉक्स आहे, त्यात ओढून बाहेर येणारा लाल टर्मिनल असतो. दुसऱ्या बॅटरीचा प्लस त्याला, मायनस दाराच्या स्ट्रायकरला (लॅच अडकतं ती चौकटीवरची धातूची कडी), आणि मग किल्लीवरचं डिकीचं बटण. अलार्म वाजू शकतो, दचकू नका. या वाटेनं फक्त लॅच उघडायचं. इंजिन चालू करण्याइतका करंट ती बारीक वायर सोसत नाही.

*

मायनस सोडून ठेवायचा असेल तर

चार्जिंगची सोयच नसेल तर हा उपाय चांगला, बहुतेक गाड्यांत १० चा पाना लागतो. आधी मायनस काढा आणि टोक कापडात गुंडाळा. मग फक्त बॅटरीची स्वतःची झीज उरते, महिन्याला काही टक्के, उष्णतेत जास्त.

फ्रेमलेस काचांची (दाराला काचेभोवती चौकट नसलेली) गाडी असेल तर मात्र एक लक्षात ठेवा. दार उघडताना काच दोन बोटं खाली सरकते, ती विजेवर. वीज नसताना दार लावलं की काचेची वरची कड रबराच्या सीलवर आपटते, सील फाटतं किंवा काच तडकते. वायर काढण्याआधी काचा थोड्या खाली घ्या. डिकी विजेवर उघडणारी असेल तर ती नुसती टेकवून ठेवा, लॅच लागू देऊ नका. परत जोडल्यावर प्रत्येक काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरलं की बहुतेक गाड्यांत वन-टच (एका दाबात काच पूर्ण वर-खाली) परत येतं. रेडिओचा कोड आधीच लिहून ठेवा.

*

सोलर पॅनेल

उघड्यावर उभी असेल तरच. कव्हरखाली शून्य, आणि काचेमागे ठेवलं तर लेबलवरच्या वॉटांपेक्षा बरंच कमी मिळतं. १० वॉटच्या वरच्या पॅनेलला रेग्युलेटर लावाच.

*

एक चाचणी, चार्जर लावून गावाला जाण्याआधी

चार्जर फ्लोटवर आल्यावर भिंतीतला प्लग काढा, मिनिटभरानं परत लावा. काही चार्जर तोच मोड धरून आपोआप सुरू होतात, काही बटण दाबेपर्यंत नुसते दिवा लावून बसतात. दुसऱ्या प्रकारचा असेल तर एकदा वीज जाऊन आली की चार्जिंग थांबलेलं राहतं, शिवाय काही चार्जर मग उलट बॅटरीतूनच थोडा करंट ओढतात. असा चार्जर लांबच्या मुक्कामाला लावून जाऊ नका, त्यापेक्षा मायनस काढून ठेवा.