चार दिवसांत तीर्थन? मग गाडी पुण्यातच ठेवा

मे एंडला चार दिवसांची सुट्टी टाकून पुण्यातून स्वतःच्या गाडीने हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट मासे धरायला जायचं म्हणताय, पण अहो नुसतं जाऊन यायलाच चार दिवस लागतील की! त्यापेक्षा विमानाने चंदीगड गाठा, तिथून गाडी भाड्याने घ्या, मंडीवरून औटच्या बोगद्याच्या अलीकडे बंजारकडे वळा, रोड ट्रिपची हौसही फिटेल.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडे ट्राउटची मासेमारी बंद असते, म्हणजे मे चालेल, फक्त हिमाचलच्या मत्स्य विभागाचं लायसन्स आधी काढा. आणि दुपारी लोळा, पाण्यात सकाळीच उतरा, कारण ऊन चढलं की वरचा बर्फ वितळून पाणी वाढतं, गढूळ होतं, मग माश्याला फ्लाय (किड्यासारखा दिसणारा पिसा-दोऱ्याचा हलका गळ) दिसणार कशी? जुलैचा तर विचारच नको, पाऊस आणि दरडी.

रॉड चार-पाच वेटचा (हा लाईनच्या वजनाचा नंबर), नऊ फुटी, चार तुकड्यांत सुटणारा घ्या, बॅगेत मावतो. जायच्या आधी एखाद्या मैदानावर हुकऐवजी लोकरीचा तुकडा बांधून प्रॅक्टिस करा. लोक बघतात, बघू द्या, पुणेकर सल्लाही देतील फुकट 😄 फ्लाय फिशिंगमध्ये वजन गळाला नसतं, लाईनलाच असतं, म्हणून मागे फेकल्यावर ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे, घाई केली की चाबकासारखा फट्ट आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका, मासा सोडायला सोपा जातो.