शब्द: चुमाश

शेवंता: कॅलिफोर्नियात सांता बार्बराला भाचीकडे आले आहे. इथल्या संग्रहालयात फळ्या शिवून, डांबराने सांधे बुजवलेली होडी पाहिली. नाव 'तोमोल', करणारे इथले मूळ रहिवासी 'चुमाश'. हा शब्द कुठला? आणि भाषा एक की अनेक?

अनुस्वार: शेवंताताई, निदान सहा. ओबिस्पेन्यो, पुरिसिमेन्यो, इनेसेन्यो, बार्बारेन्यो, व्हेंतुरेन्यो आणि बेटांवरची. नावं सगळी स्पॅनिश मिशनांची किंवा बेटांची, बोलणाऱ्यांची एकही नाही! इनेसेन्योवाले आता आपल्या भाषेला 'समाला' म्हणतात. 'चुमाश'ही मुळात 'मिचुमाश', म्हणजे किनाऱ्यावरच्यांनी सांता क्रूझ बेटावाल्यांना दिलेलं नाव. ते बेटावाले शिंपल्यांचे मणी घडवत आणि मणी हेच चलन, म्हणून 'मणी करणारे' असा अर्थ लावतात. अभ्यासकांनी तेच नाव सरसकट सगळ्यांना चिकटवलं. बार्बारेन्यो मातृभाषा असलेल्या शेवटच्या बाई, मेरी यी, १९६५ साली गेल्या.

शेवंता: आणि इथल्या किनाऱ्यावरच्या मालिबूचं नाव?

अनुस्वार: तेही त्यांचंच. 'हुमालिवो', जिथे लाटा मोठ्याने गाजतात ते ठिकाण. पण मला खरी गंमत वाटते ती स-श ची. समालात शब्दातला शेवटचा ऊष्मवर्ण (स, श सारखा) आधीच्या सगळ्या ऊष्मवर्णांना आपल्यासारखं करून घेतो. मिशनमधले स्पॅनिश लोक बाप्तिस्मा न घेतलेल्याला 'खेन्तिल' म्हणत, त्याचं समालात 'खिंतिला' झालं. 'हसखिंतिला' म्हणजे 'त्याचा खिंतिला'. यातला 'स' म्हणजे 'त्याचा'. शेवटी 'वाश' (पूर्वीचा, आपल्या 'माजी'सारखा) लावला की होतं 'हशखिंतिलावाश'. मधली इतकी अक्षरं ओलांडून 'श'ने 'स'ला ओढलं!

आडवाट: आपल्याकडे ससा-सशाला, मासा-माशाला होतंच की.

अनुस्वार: होतं, पण कारण वेगळं. तिथला 'श' पूर्वीच्या 'या'मुळे आला आणि हा 'या' फक्त शेजारच्या 'स'ला बदलतो. 'सशाला'मधला पहिला 'स' जागचा हलत नाही. समालाचा नियम लावला तर 'शशाला' म्हणावं लागेल.

शेवंता: भाचीचा तीन वर्षांचा मुलगा तसंच म्हणतो. आता त्याला सुधारायला जाणार नाही.