मदत हवी आहे : सोलापूर, धाराशिव, लातूर परिसरातील हौशी आकाशनिरीक्षकांच्या संमेलनासाठी कोणता शनिवार-रविवार धरावा?

नमस्कार. आमच्या तीन जिल्ह्यांतील आकाशदर्शन मंडळांनी येत्या हिवाळ्यात नळदुर्ग परिसरातील एका शाळेच्या मैदानावर एका रात्रीचे एकत्रित संमेलन घ्यायचे ठरवले आहे. जागा मिळाली आहे, दुर्बिणीही पुरेशा आहेत. अडले आहे ते तारखेपाशी. मार्चनंतर हवेत धूळ वाढते आणि पावसाळ्यात आकाश दिसतच नाही, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातील अमावास्येजवळचे तीनच शनिवार-रविवार हाती उरतात.

पहिला पर्याय १२-१३ डिसेंबर २०२६ हा आहे. अमावास्या ९ तारखेला असल्याने शनिवारी चंद्रकोर साडेआठ-नऊच्या सुमारास मावळेल आणि त्यानंतर उरलेली रात्र काळोखी मिळेल. मिथुन राशीतील उल्कावर्षाव मात्र १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री भरात असतो, म्हणजे आम्ही शनिवारी जमलो तर त्याची केवळ चाहूल लागेल आणि रविवारी जमलो तर नोकरदारांना सोमवारी रजा काढावी लागेल. नव्या सभासदांच्या मनात आकाशाची ओढ निर्माण करायला उल्कावर्षावासारखे दुसरे काही नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा पर्याय सोडवत नाही.

९-१० जानेवारी २०२७ ची अडचण आमच्या भागाबाहेरच्या वाचकांच्या कदाचित लक्षात येणार नाही. ७ तारखेच्या गुरुवारी वेळ अमावास्या, म्हणजे आमची येळवस आहे. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी घरदार भज्जी, आंबील घेऊन शेतात जाते, आणि महिला सभासदांची तयारी तर आदल्या दिवसापासूनच सुरू होते. त्यानंतर दोनच दिवसांत पुन्हा घर सोडून या, असे त्यांना सांगणे मला योग्य वाटत नाही. सोलापूरचे सभासदही संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या तयारीत असतात. उलट, पुण्या-मुंबईला असलेले आमचे बरेच जुने सभासद येळवशीला गावी येतात, त्यामुळे शनिवारऐवजी ८ तारखेच्या शुक्रवारीच रात्री जमावे, अशीही एक सूचना आली आहे.

तिसरा पर्याय ६-७ फेब्रुवारीचा. केवळ आकाशाचा विचार केला तर याला तोड नाही, कारण अमावास्या नेमकी शनिवारी आहे. गुरूची प्रतियुती (म्हणजे ग्रह पृथ्वीवरून सूर्याच्या विरुद्ध दिशेला येणे) १० फेब्रुवारीच्या आणि मंगळाची १९ फेब्रुवारीच्या सुमारास असल्याने दोन्ही ग्रह सिंह राशीत जवळजवळ रात्रभर दिसतील. संध्याकाळी मृगातील तेजोमेघ उंचावर असेल आणि दक्षिणेला अगस्त्य तारा. अमावास्येला सहसा लग्ने नसल्याने जेवणाचे आचारी आणि मंडपवालेही सहज मिळतील. परंतु गेल्या दोन वर्षांत बारावीची परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच सुरू झाली आहे. आमच्याकडे दुर्बिणी जुळवून देणारी बहुतेक मुले अकरावी-बारावीची आहेत आणि मार्गदर्शकांपैकी अनेक जण कनिष्ठ महाविद्यालयांत शिकवतात. ज्यांच्या खांद्यावर संमेलन उभे राहते, त्यांनाच वगळून उत्तम आकाश पाहायचे, हे मनाला पटत नाही.

सध्या माझा कल डिसेंबरकडे आहे. ज्यांनी अशी संमेलने भरवली आहेत, त्यांनी कृपया पुढील गोष्टींबाबत अनुभव सांगावा. रविवारची रात्र ठेवल्यास प्रत्यक्षात उपस्थिती कितपत घटते? वर्षाव भरात येण्याच्या एक-दोन रात्री आधी मध्यरात्रीनंतर नवख्यांना समाधान वाटेल इतक्या उल्का दिसतात का? आणि येळवशीला गावी आलेली माणसे दुसऱ्या दिवशी अशा कार्यक्रमाला खरोखर थांबतात का, हे लातूर-धाराशिवकडील सभासदांनी आवर्जून कळवावे. शाळेला तारीख या महिनाअखेरपर्यंत लेखी द्यायची आहे.