‘गापजिल’ला मराठीत काय म्हणावं?

रात्री जेवणं आटोपली की आमची आई मेथी निवडायला घेते आणि मी लॅपटॉप लावते. कोरियन मालिकांचा नाद तिला मीच लावला, आता निस्तरतेही मीच. इंग्रजी सबटायटल पळतात, तिचा चष्मा त्यांच्यामागे पळत नाही. मग मी शेजारी बसून मराठीत सांगत जाते.

सध्या ‘किम बिसोगा वे गुरल्का’ चालू आहे. टीव्हीएन वाहिनीवर २०१८ साली आलेली, १६ भागांची. नावाचा अर्थ ‘किम सेक्रेटरी अशी का वागतेय?’ ली यंग-जून हा बड्या उद्योगसमूहाचा उपाध्यक्ष, देखणा, आणि त्या देखणेपणावर सगळ्यांत जास्त फिदा तो स्वतःच. किम मी-सो नऊ वर्षं त्याची सेक्रेटरी. त्याच्या गळ्यातला टायसुद्धा ती नीट करते. एक दिवस ती शांतपणे सांगते, मी नोकरी सोडतेय. साहेबांना कळेचना की असं कोणी का करेल. तिला थांबवायचे बाकीचे उपाय थकल्यावर तो लग्नाचंच बोलतो, आणि तिथे माझी जीभ अडकली.

तो म्हणतो ‘क्यरॉनहे जुजी’. यातलं ‘जुजी’ हे ‘जुदा’चं रूप, आणि ‘जुदा’ म्हणजे देणं. आपल्या ‘वाचून दे’, ‘आणून दे’सारखंच ते दुसऱ्या क्रियापदाला चिकटतं आणि समोरच्यावर उपकार झाल्याचं सांगतं. पण ‘लग्न करून देतो’ म्हणावं तर मराठीत तो तिचा बाप होतो! ‘लग्न करायला तयार आहे’ म्हटलं तर उपकाराची फोडणीच गेली. शेवटी मी आईला सांगितलं, ‘तो म्हणतोय, करीन म्हणतो तुझ्याशी लग्न.’ आईने मेथीची काडी माझ्या दिशेने फेकली, म्हणजे जमलं असावं.

पण खरी अडचण पुढची. या मालिकांविषयी वाचताना ‘गापजिल’ हा शब्द सारखा भेटतो. वरच्याने खालच्यावर केलेली मग्रुरी, असा साधारण अर्थ. मराठीत एकच नेमका शब्द आहे का?

—

दादागिरी. झालं की. धागा बंद करा.

—

इतक्यात नको. दादा व्हायला कोणी नेमणूकपत्र देत नाही, गापजिलला ते लागतं.

मी रांजणगावला एका कोरियन कारखान्यात दुभाषाचं काम करते, म्हणून थोडं फोडून सांगते. ‘गाप’ आणि ‘उल’ ही जुन्या चिनी कालगणनेतल्या दहा चिन्हांपैकी पहिली दोन. क्रम लावायला ती वापरतात, आपण ‘अ’ आणि ‘ब’ लिहितो तसं. करारनाम्यात पहिला पक्ष गाप, दुसरा उल. नोकरीच्या करारात मालक गाप, नोकर उल. ठेक्यात काम देणारा गाप, घेणारा उल. ठेकेदाराने पोटठेकेदार नेमला तर तो तिसरा, म्हणजे ‘ब्यंग’, त्याच्याखालचा ‘जंग’. आम्ही तर उलसुद्धा नाही, ब्यंग आहोत, असं लोक स्वतःवरच हसून म्हणतात.

आता ‘जिल’. हाताच्या कामाला लागला तर हा प्रत्यय निरुपद्रवी असतो. सुई म्हणजे ‘पानुल’, शिवणकाम म्हणजे ‘पानुजिल’. पण माणसाच्या हुद्द्याला लागला की त्यात तुच्छता येते. ‘सॉनसेंग’ म्हणजे शिक्षक, ‘सॉनसेंगजिल’ म्हणजे नाक मुरडून म्हटलेली मास्तरकी. तेव्हा गापजिल म्हणजे करारात आपलं नाव वर आहे एवढ्या भांडवलावर केलेला माज.

शब्द २०१३च्या सुमारास तोंडी झाला आणि डिसेंबर २०१४ मध्ये जगभर गेला. कोरियन एअरच्या अध्यक्षांची कन्या चो ह्यन-आ, स्वतः त्याच कंपनीत उपाध्यक्ष, न्यूयॉर्कहून विमानात बसली. मॅकाडेमिया नट्स बशीत न देता पाकिटातच समोर आले म्हणून तिने कर्मचाऱ्यांच्या प्रमुखाला गुडघ्यावर बसवलं आणि धावपट्टीकडे निघालेलं विमान परत फिरवून त्याला खाली उतरवलं. हे झालं शुद्ध गापजिल. पुढे तिला कोर्टात उभं राहावं लागलं.

—

या ताईंनी करारनाम्याचा विषय काढला म्हणून राहवलं नाही. माझी तीस वर्षं दस्त लिहिण्यात गेली. तुमचे गाप आणि उल आमच्याकडे कधीचे आहेत हो! ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’. वर एकाचं नाव, वय, धंदा, राहणार अमुक, खाली दुसऱ्याचं, आणि मग ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे की’. कर्जरोखा असेल तर लिहून घेणारा सावकार आणि लिहून देणाऱ्याची मान खाली. म्हणून माझी सूचना : ‘लिहून घेणाऱ्याची मुजोरी’. लांबलचक आहे, कबूल. पण शब्दाचं मूळ कागदात आहे, ते तरी राहतं.

—

काका, कर्जरोख्याला ठीक. पण खरेदीखतात लिहून घेणारा हा गिऱ्हाईक असतो, आणि पुण्यात फ्लॅट घेणारा कधी मुजोरी करताना पाहिलाय का तुम्ही? तिथे बिल्डर लिहून देतो आणि माजही तोच करतो.

—

बरोबर. आमच्या शब्दांत जोर कोणाचा ते ठरलेलं नसतं, दस्त कोणता त्यावर जातं. कोरियन जोडीत क्रमच बोलतो. सूचना मागे घेतो.

—

मग ‘साहेबगिरी’ का नको? गिरी आणि जिल हे तर जुळे भाऊ दिसतात. कारागिरी चांगली, दादागिरी वाईट. पानुजिल चांगलं, गापजिल वाईट.

—

जुळे दिसतात, पण ‘कारागिरी’ या घरातली नाही. तो शब्द ‘कारागीर’ला ‘ई’ लागून झालाय. खरी गिरी मुलूखगिरीतली, फारसीतलं ‘घेणं, पकडणं’ तिच्यात आहे. हे फक्त नोंदीसाठी. साहेबगिरीला माझी हरकत नाही. फक्त साहेबगिरी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तो रुबाब : गाडीचं दार दुसऱ्याने उघडायचं, चहा केबिनमध्येच यायचा. त्यात समोरच्याचा अपमान झालाच पाहिजे असं नाही. गापजिलमध्ये तो होतोच.

—

तुम्ही सगळे गापजिलवर अडलात, पण ताईंच्या मालिकेत तर प्रेम आहे. प्रेमात हे गाप-उल कुठे बसतात ते कोणी सांगितलंच नाही.

कोरियात प्रेमाबद्दल बोलतानाही हेच शब्द वापरतात. ज्याचा जीव जास्त अडकलाय तो उल. फोनची वाट तो बघणार, रुसवा तो काढणार. ऑफिसातल्या प्रेमाच्या मालिकांची सगळी गंमत या एका कोलांटउडीवर उभी असते. पहिल्या भागात तो सगळ्या अर्थांनी गाप. चौथ्या-पाचव्या भागापर्यंत प्रेमात पडून उल. छत्री घेऊन पावसात उभा वगैरे. बघणाऱ्याला वाटतं हिशेब चुकता झाला, आता दोघं सारखे.

तो झालेला नसतो. रात्री पावसात भिजलेला उल सकाळी नऊ वाजता पुन्हा गाप असतो. तिची रजा, तिची पगारवाढ आणि तिच्या सहकाऱ्यांची कुजबुज थांबवायची की नाही, हे सगळं त्याच्या हातात. प्रेमातला उल आणि पगारपत्रकातला उल हे एकाच नावाचे दोन प्राणी आहेत, आणि पटकथा त्यांची बेमालूम अदलाबदल करते. ‘किम बिसो’बद्दल एवढं म्हणता येईल की निदान तिची सुरुवात राजीनाम्याने होते. करार मोडायची ताकद नायिकेच्या हाती आधी येते, प्रेम नंतर. म्हणून मला ती तिच्या जातीच्या बाकी मालिकांपेक्षा बरी वाटते.

ऑफिसातल्या अशा प्रेमाला कोरियनमध्ये ‘सानेयॉने’ म्हणतात. ‘साने’ म्हणजे कंपनीच्या आत, ‘यॉने’ म्हणजे प्रेमप्रकरण. साने आडनावाच्या मंडळींनी मनावर घेऊ नये. शिवाय शुद्ध कोरियन ‘साने’ म्हणजे पुरुष, तो उच्चार सारखाच.

—

सानेयॉनेला मराठीत काय म्हणता? ‘ऑफिसातलं प्रकरण’ म्हटलं की वास येतो. लफडं, भानगड, चक्कर, सगळे शब्द मागच्या टेबलावरून बोललेले. ‘त्यांचं जमलंय’ हा एकच प्रेमळ, आणि त्यात नाम नाहीच.

२०२२ सालच्या ‘साने मात्सॉन’मध्ये मला मात्र मराठी शब्द चटकन सापडला. ‘मात्सॉन’ म्हणजे लग्न ठरवण्यासाठी मुलामुलीने भेटणं. मालिकेचं नाव झालं ‘ऑफिसातले कांदेपोहे’! नायिका मैत्रिणीच्या जागी मुलगा नाकारायला जाते आणि समोर बसलेला निघतो तिच्याच कंपनीचा सीईओ.

—

दुभाषी पुन्हा. माझ्या मते कोणाचं पारडं जड हे प्रेमाच्या शब्दांत दिसत नाही, हाक मारण्यात दिसतं.

कोरियन ऑफिसात वरच्याला नावाने हाक मारत नाहीत. हुद्दा आणि त्यापुढे ‘निम’, आपल्या ‘साहेबां’सारखं. ‘देरी-निम’, ‘ग्वाजांग-निम’, ‘बुजांग-निम’, अशी चढत जाणारी शिडी. ‘किम बिसो’ या नावात ‘निम’ नाही, हे लक्षात आलं का? म्हणजे ही हाक वरून खाली आलेली आहे. तो तिला बिनधास्त अरे-तुरेच्या भाषेत बोलतो, ती त्याला अहो-जाहो. प्रेम जमल्यावरही तिच्या तोंडचं ‘बुह्वेजांग-निम’, म्हणजे ‘उपाध्यक्षसाहेब’, लवकर सुटत नाही. इंग्रजी सबटायटलमध्ये दोघंही ‘यू’ म्हणतात आणि हे सगळं वाहून जातं. मराठीत ते अलगद पकडता येतं, म्हणून मला सांगावंसं वाटतं की ताई, तुमच्या आई आमच्यापेक्षा चांगली मालिका बघताहेत.

थोडं गमतीचं. जुन्या मालिकांत नायक हमखास ‘शिलजांग-निम’ असायचा, श्रीमंत मालकाचा मुलगा. ‘शिल’ म्हणजे खोली, ‘जांग’ म्हणजे प्रमुख. शब्दाला शब्द ठेवला तर ‘कक्षप्रमुख’. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्यावर १६ भाग प्रेमकथा लिहून बघा!

आणखी एक. ज्या समूहाची ही टीव्हीएन वाहिनी, त्या सीजेने २००० सालीच हुद्दे बोलण्यातून काढून सगळ्यांना नावापुढे नुसतं ‘निम’ लावायची पद्धत आणली. घरात शिडी मोडली आणि पडद्यावर तिचीच गोष्ट विकली.

—

अहो-जाहोचं पटलं. पण आपल्याकडे शेवट आणखी भारी होतो. ऑफिसात ‘सर’, लग्नानंतर ‘अहो’. बढती झाली म्हणायची की नाही?

—

हसू आलं, पण पुढचं तितकं हसण्यावारी नाही. ‘ह्वेशिक’ शब्द कोणी घेतला नाही अजून. अक्षरशः ‘जमून जेवणं’, आपली पंगतच. पण पंगतीतून ताट वाढलेलं असताना उठायचं नसतं, तसं इथून साहेबांच्या आधी उठायचं नसतं. धाकट्याने दोन्ही हातांनी ग्लास धरायचा, तोंड बाजूला वळवून प्यायचं, साहेबांचा ग्लास रिकामा राहू द्यायचा नाही. २०१८ सालच्याच ‘पाप जाल साजुनुन येप्पुन नूना’त, म्हणजे ‘छान जेवू घालणारी देखणी ताई’त, नायिका कॉफीच्या कंपनीत नोकरीला आहे. या जेवणांत वरिष्ठ तिच्याशी काय लगट करतात ते बघताना अंगावर काटा येतो. तिकडे तिची वयाने लहान असलेल्या तरुणाशी गोड प्रेमकथा चालू, आणि इकडे तेच ऑफिस, तीच मीट भाजायची टेबलं. एका मालिकेत दोन्ही शेजारी ठेवल्यामुळे ‘लगट’ आणि ‘प्रेम’ यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात तिला ‘नाही’ म्हणायची सोय नसते.

तिकडे श्रम कायद्यात ऑफिसातल्या छळाला बंदी आली ती १६ जुलै २०१९ पासून. कायद्यात अर्थातच गापजिल हा शब्द नाही. बोलीतले शब्द कायद्यात जाताना इस्त्री करून जातात. आपल्याकडे तरी ‘छेड काढली’चं ‘लैंगिक छळ’ होईपर्यंत किती वर्षं गेली.

—

मूळ प्रश्न माझा होता, म्हणून काल काय झालं ते सांगते.

तुमचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. तिची बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत गेलीत, घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये हे तिने आम्हाला पाढ्यांबरोबर शिकवलंय. दादागिरी तिने झटकली. साहेबगिरीवर म्हणाली, आमचे एक साहेब फार साहेबगिरी करायचे पण माणूस चांगला होता. विमानाची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, ‘म्हणजे त्या पोराला तिने त्याची पायरी दाखवली.’

मला वाटतं, हाच तो. ‘पायरी दाखवणे’. गाप, उल, ब्यंग, जंग या पायऱ्याच की. शिवाय त्याचं सगळं गोत मराठीत तयार आहे. पायरी ओळखून असणं, पायरीने वागणं. आणि मोठ्यानेच ताळ सोडला तर म्हणतो, त्याने पायरी सोडली. फक्त हे नाम नाही, वाक्प्रचार आहे, तेव्हा ‘तो गापजिल करतो’ऐवजी ‘तो येता-जाता पायरी दाखवतो’ असं फिरवून घ्यावं लागेल. दुभाषी ताई, चालेल का?

आईला विचारलं, आणि तो लग्नाचं म्हणतो त्याचं काय, तीही पायरी दाखवणंच का? ती पडद्याकडे बघत होती. किम सेक्रेटरी नेहमीसारखी हसून काहीतरी नम्रपणे नाकारत होती.

‘ते नंतर बघू,’ आई म्हणाली. ‘तिला म्हणावं, आधी राजीनाम्याची पोच घे.’