बहरलेल्या बागेचं तैलचित्र : फुलांचे रंग मळकट का होतात?

प्रश्न: दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट, म्हणजे सुट्या फटकाऱ्यांतून प्रकाश टिपणाऱ्या) पद्धतीने फुललेली झाडं रंगवताना ओल्या हिरव्यावर गुलाबी-पांढरा फटकारा दिला की लगेच राखाडी होतो. उपाय काय?

उत्तर १: गुलाबीतला लाल आणि खालचा हिरवा पूरक (रंगचक्रात समोरासमोरचे) रंग आहेत, मिसळले की एकमेकांना मारतात. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ करून अगदी कमी लावा. वरचा रंग नळीतला तसाच, दाट. चपटा ब्रश जवळजवळ आडवा धरून एकदाच टेकवा आणि उचला. घासलात की खालचा हिरवा वर आलाच. दर दोन-तीन फटकाऱ्यांनी ब्रश फडक्याला पुसा. हे पुसणंच बहुतेकजण टाळतात.

उत्तर २: शुद्ध पांढरा सगळीकडे वापरू नका. उन्हातल्या फुलांच्या पांढऱ्यात कणभर कॅडमियम यलो, सावलीतल्या फुलांत अल्ट्रामरीन (निळा) आणि थोडा अलिझरिन (गडद लाल). सावलीत काळा घातलात तर मोहोर मेलाच म्हणून समजा! निखळ पांढरा शेवटी, चार-पाच ठिपक्यांपुरता.

उत्तर ३: ठिपक्यांचा आकारही बघा. फ्रेंच दृक्प्रत्ययवादी चित्रकार मोनेच्या १८७३ च्या पॉपीच्या शेताच्या चित्रात पुढची फुलं मोठे लाल डाग आहेत, मागे ती बारीक होत जातात. अंतर त्यातूनच कळतं. सारखे ठिपके दिले तर छापील कापड दिसतं.

प्रश्नकर्ता: खालचा थर वाळू दिला तर?

उत्तर १: चालेल, फक्त कडा टणक येतात. चिकटसर होईपर्यंत थांबणं जास्त बरं.